पोस्ट घराबाहेर जाता कामा नये

ऑरिन रविवारच्या जेवणाला आला तो कोटाला निळी फीत लावून.

कझायाबाई कोंबडीचा रस्सा वाढत होत्या. त्यांनी पळी हवेतच धरली आणि थोरल्या लेकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हे काय?"

"फीत आहे."

"ते दिसतंय मला, अजून आंधळी नाही झाले. लावलीस कशाला?"

"शपथ घेतली मी. गुरुवारी, तंबूतल्या सभेत. यापुढं दारूला शिवणार नाही."

"याआधी कधी शिवला होतास?" धाकट्या लिअँडरनं विचारलं. त्याच्या गळ्यात डेमोक्रॅटांचा लाल रुमाल होता. जूनपासून तो रुमाल त्यानं काढला नव्हता. धुतलाही नव्हता, असं त्याची बहीण म्हणायची.

"सायडर प्यायचो," ऑरिन गंभीरपणे म्हणाला. "आंबलेली. दोनदा."

"अरे बापरे! मग वाचलास म्हणायचा."

"थट्टा नको. त्या प्रवचनकारानं यकृताचं चित्र दाखवलं, लिअँडर. रंगीत चित्र."

कझायाबाईंनी पळी पुन्हा रश्शात घातली. "बरं केलंस. शपथ घे, फीत लाव, वाटलं तर घोड्यालाही लाव. मत हॅरिसनला देतोयस ना?"

ऑरिननं मान खाली घातली. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, अल्मायरानं, मान वर केली. कझायाबाईंना कळायचं ते तेवढ्यात कळलं.

"दारूबंदी पक्षाला देणार आहे," ऑरिन म्हणाला.

"दारू सोड ना लेका! पक्ष कशाला सोडतोस?"

परक्या माणसाला वाटेल, एका मताचं ते काय? इंडियाना राज्यात मतं ढिगानं पडतात, एक इकडं की तिकडं, कोण बघतंय? तसं म्हणणाऱ्या माणसाच्या दुकानात कधी पोस्ट नव्हतं हे नक्की.

पोस्ट सरकारचं खरं, पण राहतं कुणाच्या तरी दुकानाच्या कोपऱ्यात. आणि पत्र न्यायला आलेला माणूस रिकाम्या हातानं घरी जात नाही. साखर घेतो, खिळे घेतो, कॉफी घेतो. थोरले स्प्रेग हयात असताना एकदा पोस्ट समोरच्या हबलच्या खोगिरांच्या दुकानात गेलं होतं, तेव्हा लोक कॉफीसुद्धा हबलकडं मागायला लागले. खोगिराच्या दुकानात कॉफी! आणि तो मेला विकायलाही लागला. पोस्ट परत मिळेपर्यंत स्प्रेगांच्या दुकानात माश्यांखेरीज गिऱ्हाईक नव्हतं.

आता वॉशिंग्टनात राष्ट्राध्यक्ष बदलला की इकडं आमच्या पॉपलर फोर्डातला पोस्टमास्तर बदलतो. जिंकलेल्या पक्षाचा जिल्ह्यातला पुढारी जे नाव सुचवील तो नवा. काम येतं की नाही हे कुणी विचारत नाही, मत कुणाला दिलंस हे विचारतात. म्हणून कझायाबाईंनी विधवा झाल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर लेकांना पक्ष वाटून दिले. थोरल्याला रिपब्लिकन, धाकट्याला डेमोक्रॅट. शेत वाटावं तसं, बांधासकट. ऑरिननं मशाल घेऊन मिरवणुकीत चालायचं, लिअँडरनं त्याच मिरवणुकीवर कुजकी सफरचंदं फेकायची. रविवारी दोघांनी एका टेबलावर जेवायचं. कोणीही जिंको, पोस्ट घरात.

चार वर्षांपूर्वी हे शहाणपण कसाला लागलं होतं. डेमोक्रॅटांचा क्लीव्हलंड राष्ट्राध्यक्ष झाला, ऑरिन पोस्टमास्तर होता तो गेला, लिअँडर झाला. पत्रांचे खण असलेलं ते मोठं कपाट बोटभरही हललं नाही. हबल बिचारा दारात उभा राहून बघत राहिला.

काम कोण करायचं म्हणाल, तर ड्रुसिला. दोघांची बहीण, पस्तिशीची, बिनलग्नाची, जिभेला धार असलेली. ऑरिनच्या काळात खिडकीमागं ती बसायची, लिअँडरच्या काळातही तीच. भिंतीवरच्या पाटीवर नाव तेवढं भावांचं. तिला मात्र आईनं पक्ष दिला नव्हता. बाईला मत नाही, मग पक्ष काय लोणच्याबरोबर खायचा?

तर सांगायचं म्हणजे, रिपब्लिकनांचा उमेदवार हॅरिसन आमच्याच राज्याचा माणूस, हवा त्याच्या बाजूची, निवडणूक तोंडावर आलेली, आणि स्प्रेगांच्या घरात त्या रविवारी एकही रिपब्लिकन उरला नव्हता.

"कुणाला तरी व्हावं लागेल," कझायाबाई म्हणाल्या.

"मी होतो," लिअँडर लगेच म्हणाला. इतक्या लगेच, की सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. "म्हणजे, घरासाठी. मला काही हौस नाही."

"तू?" ऑरिन भडकला. "चार महिने हॅरिसनच्या राष्ट्राध्यक्ष आजोबांसारखी टोपी गाढवाला घालून फिरवत होतास चौकात, तू?"

"तुझ्या कोटावर काय आहे ते बघ आधी. निळी शेपटी!"

"माझं निदान मनापासून आहे."

"तेच तर म्हणतोय. मनापासून मत देणारा माणूस आपल्या घरात जन्मला कसा?"

अल्मायरानं काटा खाली ठेवला. ती नवऱ्याला रागात असली की 'मिस्टर स्प्रेग' म्हणायची, खुशीत असली तरी तेच म्हणायची. फरक ओळखायला ऑरिनला बारा वर्षं लागली होती. "मिस्टर स्प्रेग कुणाच्या सांगण्यानं मन बदलणारे नाहीत," ती म्हणाली. "आणि आई, पोस्ट गेलं तर गेलं. आत्म्यापेक्षा मोठं आहे का ते?"

"आत्म्याला साखर विकता येत नाही, सूनबाई."

"आणि ड्रुसिलाची काळजी करू नका," अल्मायरा प्रेमानं म्हणाली, म्हणजे तिच्या मानानं प्रेमानं. "आमच्या माडीवरची खोली रिकामीच आहे. मुलं सांभाळायला मलाही कुणीतरी हवंच आहे."

ड्रुसिला टेबलाच्या टोकाला बसून जेवत होती. तिचा घास तिथंच थांबला. त्या खोलीला उतरतं छप्पर होतं, खिडकी डुकरांच्या खुराड्यावर उघडायची, आणि अल्मायराची पाच मुलं होती, त्यातली दोन चावणारी. खिडकीमागं बसलेल्या ड्रुसिलाला सगळं गाव 'मिस स्प्रेग' म्हणायचं, टोपी काढून. त्या माडीवर ती आत्या होणार होती, आणि मरेपर्यंत आत्याच राहणार होती.

"मला नाही यायचं तुझ्या माडीवर," ती म्हणाली. "मला माझी खिडकी हवी."

"तुझी?" दोघे भाऊ एकदम म्हणाले. त्या दिवसभरात तेवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

जेवण झाल्यावर कझायाबाईंनी ऑरिनला कोठीघरात बोलावलं. हॅमचे मोठे तुकडे वर टांगलेले, त्यांच्याखाली उभं राहून त्या हळूच म्हणाल्या, "फीत असू दे. कोटावर फीत आणि पेटीत हॅरिसन. कळलं? तुझं मत कोण बघायला येतंय?"

"आई, मी देवासमोर शपथ घेतली."

"दारू पिणार नाही अशी घेतलीस ना? मग नको पिऊस! हॅरिसनला मत दिल्यानं घोट घशाखाली जातो का?"

खरं सांगायचं तर ऑरिनला हेच ऐकायचं होतं. त्या यकृताच्या चित्रानं त्याची तीन रात्रींची झोप उडवली होती हे खरं, पण दुकान हबलच्या घशात जाणार या विचारानं चौथ्या रात्रीची झोपही जायची लक्षणं होती.

"आणि लिअँडरला बोलू नकोस," आई म्हणाली. "तो पोटात काही ठेवत नाही."

तेव्हा मतपत्रिका सरकार छापत नसे. प्रत्येक पक्ष आपापली छापायचा आणि आपल्या माणसाच्या हातून वाटायचा. कझायाबाईंनी आपल्या कापडी पिशवीतून रिपब्लिकनांची एक मतपत्रिका काढली आणि थोरल्याच्या भजनाच्या पुस्तकात घालून दिली.

मग त्या हात पुसत बाहेरच्या ओसरीवर गेल्या. तिथं लिअँडर तंबाखू चघळत उभा होता.

"रुमाल असू दे गळ्यात," त्या म्हणाल्या. "पण पेटीत हॅरिसन."

लिअँडर हसला. "मला वाटलंच होतं. पण तो ऑरिन?"

"ऑरिन धर्मात बुडालाय. त्याच्यावर भरवसा ठेवून चालणार नाही. त्याला बोलू मात्र नकोस." दुसरी मतपत्रिका धाकट्याच्या टोपीच्या अस्तरात गेली.

आता म्हणाल, बाई एवढी हुशार, मग दोघांना एकच का सांगितलं? अहो, हुशार होती म्हणूनच. दोघांपैकी एक तरी आपलं ऐकेल असा तिचा हिशेब. पोटची पोरं, पण विश्वास एकावरही नाही. आणि दोघंही ऐकतील ही शक्यता तिच्या डोक्यातसुद्धा आली नाही, कारण आयुष्यात तसं कधी घडलंच नव्हतं.

ड्रुसिला भांडी घासत होती. स्वयंपाकघराचा एक दरवाजा कोठीघरात उघडतो आणि एक खिडकी ओसरीवर. तिनं दोन्ही ऐकलं आणि कुणालाच काही बोलली नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेला सुट्टी होती, पण शाळेत गर्दी कधी नव्हती एवढी. मत शाळेच्या खिडकीतून द्यायचं. आत निरीक्षक बसलेला, बाहेर दोरी बांधून वाट केलेली, त्या वाटेनं एकेकानं यायचं. दोरीच्या एका बाजूला रिपब्लिकनांचे जिल्ह्यातले पुढारी मेजर टिलॉटसन आपल्या मतपत्रिकांचा गठ्ठा घेऊन उभे. दुसऱ्या बाजूला डेमोक्रॅटांचा माणूस, त्याच्या श्वासाला व्हिस्कीचा वास. रस्त्यापलीकडं दारूबंदीच्या बायकांनी टेबल मांडलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट कॉफी देत होत्या. अल्मायरा किटली घेऊन सगळ्यांच्या पुढं. तिथून खिडकी स्वच्छ दिसायची, ती जागा तिनं मुद्दाम निवडली होती.

कुणाच्या हातून कागद घेतला ते सगळं गाव बघत असतं. गुप्त काय राहणार डोंबल! म्हणून दोघे भाऊ कुणाच्याच हातून कागद न घेता, आपापला घरूनच आणलेला घेऊन, रांगेत घुसले. आणि नेमके एकामागं एक आले.

"तू?" ऑरिन म्हणाला.

"मी नको का यायला? मतदार आहे मी," लिअँडर म्हणाला. "जा की पुढं."

"तू जा. तुला घाई असेल."

"मला कसली घाई? तू थोरला. थोरल्याचा मान."

"आजवर कधी दिला नाहीस तो मान. आजच आठवला?"

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, कुणीतरी जा! इथं पाय गारठले!"

ऑरिननं भजनाचं पुस्तक उघडलं. त्याच वेळी लिअँडरनं टोपी काढली. वारा नव्हता, काही नव्हतं, पण माणूस घाबरला की बोटं त्याची राहत नाहीत. लिअँडरच्या अस्तरातला कागद निसटला आणि ऑरिनच्या बुटावर पडला.

ऑरिननं तो उचलला. वरचं नाव वाचलं. आधी त्याचे डोळे मोठे झाले, मग तोंड.

"हॅरिसन!" तो ओरडला. "गळ्यात लाल रुमाल आणि टोपीत हॅरिसन! चोरा!"

"दे इकडं!" लिअँडरनं कागद ओढायला हात घातला, तर हातात आलं भजनाचं पुस्तक. पुस्तकातला कागद अर्धा बाहेर. त्यानंही वाचलं.

मग जे झालं ते पॉपलर फोर्डात अजून सांगतात. दोघे सख्खे भाऊ, एकाच पक्षाची मतपत्रिका हातात, आणि एकमेकांना दगाबाज म्हणून शिव्या घालतायत. लिअँडर ओरडत होता, "फीत लावून देवाला फसवतोस!" ऑरिन ओरडत होता, "तू तर माणसांना फसवतोस, देव निदान माफ करतो!" रांगेतली माणसं पोट धरून हसत होती. डेमोक्रॅटांचा माणूस तेवढा हसत नव्हता, त्यानं पुढं होऊन लिअँडरच्या गळ्यातला रुमाल उपटून घेतला.

रस्त्यापलीकडं अल्मायराच्या हातातली किटली वाकडी झाली आणि उकळती कॉफी पाद्र्यांच्या बुटात गेली.

आत बसलेला निरीक्षक खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "मत द्यायचंय की नाही?"

दोघांनी दिलं. कसं नाही देणार? आता लाज गेलीच होती, निदान पोस्ट तरी राहावं.

हॅरिसननं इंडियाना जिंकलं, पण कसंबसं, धापा टाकत. तार आली तेव्हा रिपब्लिकनांनी चौकात मोठी होळी केली आणि तीत चुकून हबलच्या दुकानाची पायरी जळाली. हबल पक्का रिपब्लिकन, तरी काही बोलला नाही. उलट आणखी दोन फळ्या आणून टाकल्या. पोस्टाच्या आशेवर माणूस काय काय जाळतो!

स्प्रेगांच्या घरात मात्र सुतक असल्यासारखं. अल्मायरा नवऱ्याशी बोलत नव्हती. डेमोक्रॅटांनी लिअँडरच्या दुकानात येणं सोडलं होतं, दारूबंदीवाल्यांनी ऑरिनच्या. दुकान एकच असल्यामुळं दोन्ही नुकसानं एकाच गल्ल्यात दिसत होती. पण कझायाबाई खचणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मेजर टिलॉटसनना रविवारी जेवायला बोलावलं. पोस्टमास्तर म्हणून कुणाचं नाव सुचवायचं हे मेजरांच्याच हातात होतं.

मेजरांचा युद्धात एक कान अर्धा गेला होता. आता जिल्ह्यात सगळे जण त्यांच्या दुसऱ्या कानाशी लागलेले. जेवायला बसल्यावर त्यांनी दोन्ही भावांकडं पाहिलं, मग कझायाबाईंकडं.

"पॉपलर फोर्डाच्या पोस्टासाठी नऊ जणांचे अर्ज आहेत, बाई," ते म्हणाले. "नऊ! त्यातले दोन याच टेबलावर."

"दोघांनीही तुम्हालाच मत दिलंय मेजरसाहेब. सगळ्या गावानं बघितलंय."

"तीच तर पंचाईत आहे. सगळ्या गावानं बघितलंय." मेजरांनी बटाटा कापला. "एकानं निळ्या फितीत दिलं, एकानं लाल रुमालात. यातलं कुणाचं खरं मानू?"

"माझं," ऑरिन म्हणाला. "मी चोवीस वर्षं रिपब्लिकन होतो. मध्ये तीन आठवडे फक्त देवाचा होतो."

"माझं माना," लिअँडर म्हणाला. "धर्मांतर केलेला माणूस जास्त कट्टर असतो. पाद्र्यांना विचारा."

"तू धर्मांतर केलंस? तू टोपी बदललीस!"

"आणि तू फीत लावून..."

"गप्प बसा दोघं!" कझायाबाई गरजल्या. "मेजरसाहेब, तुम्ही कुठलाही उचला. मला दोन्ही सारखेच."

हे मात्र त्यांच्या तोंडून खरं निघालं, आणि मेजरांना हसू आवरलं नाही.

मेजर हसत होते खरे, पण मनातून हैराण होते. नवापैकी एकाला दिलं की आठ वैरी तयार. हबलला दिलं तर लोहार रुसणार, लोहाराला दिलं तर त्याचा साडू रुसणार, आणि मेजरांना पुढच्या खेपेला राज्याच्या सभागृहासाठी उभं राहायचं होतं. जमलं असतं तर त्यांनी ते पोस्ट ओढ्यात बुडवून टाकलं असतं.

ड्रुसिला खारकेच्या रंगाचं पुडिंग घेऊन आली. पर्सिमन नावाच्या पिकल्या जंगली फळांचं, आमच्याकडं थंडीत करतात ते. तिनं ते मेजरांसमोर ठेवलं आणि स्वतः खुर्ची ओढून बसली.

"मेजरसाहेब, दहावा अर्ज माझा."

लिअँडरला वाटलं ती चेष्टा करतेय, म्हणून तो हसला, आणि बहिणीचं तोंड बघून थांबला.

"तुझा?" कझायाबाई म्हणाल्या. "अगं, तुला पक्ष कुठाय?"

"नाहीच ना! तेच सांगतेय." ड्रुसिला आईकडं वळली. "तू दोन पक्ष दोघांना वाटलेस, मला काही उरलंच नाही. खुर्ची यांच्या नावावर, मी स्टुलावर. पाटी यांची, खिडकीत मी. आता पोस्ट हबलकडं गेलं तर यांना दुकान आहे, भांडायला एकमेक आहेत. मला काय आहे? अल्मायराची माडी! मला नाही जायचं तिथं. मी मरेन तिथं, आई. खरंच सांगते."

अल्मायरानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्यात पुडिंग घातलं.

"पण बाई माणूस..." ऑरिननं सुरुवात केली.

"बाई पोस्टमास्तर होत नाही का? वॉकर्स मिल गावात त्या विधवेकडं पोस्ट किती वर्षं आहे. तिथं पत्रं काय लाजतात?" ड्रुसिला मेजरांकडं वळली. "साहेब, तुम्ही नवांपैकी कुणालाही नेमा, बाकीचे आठ तुमचे वैरी होणार. बरोबर?"

मेजरांनी चमचा खाली ठेवला. "बरोबर."

"मला नेमा. नवांपैकी कुणाला माझा हेवा वाटेल? हबल काय म्हणेल, बिनलग्नाच्या पोरीला काहीतरी विरंगुळा दिला मेजरनं. लोहार म्हणेल, निदान हबलला तरी नाही मिळालं. सगळे नाक मुरडतील आणि घरी जातील. बाईकडून हरलो असं कुणी मानणारसुद्धा नाही. आणि माझ्याविरुद्ध तुमच्या पक्षाला काय सापडणार? आयुष्यात एकदाही मी चुकीच्या पक्षाला मत दिलेलं नाही."

"कुठल्याच पक्षाला दिलेलं नाही," लिअँडर पुटपुटला.

"तेच म्हणाले मी."

मेजरांनी चमचा पुन्हा उचलला. डोक्यातल्या डोक्यात ते नऊ नावं मोजत होते आणि प्रत्येक नावापुढं राग किती, हे मांडत होते. पहिल्यांदाच बेरीज जमत होती. पन्नास वर्षं राजकारणात काढलेला माणूस, पण ज्याला मतच नाही अशा माणसाचा उपयोग त्यांच्या कधी ध्यानात आला नव्हता.

"कझायाबाई," ते शेवटी म्हणाले, "तुमच्या घरात एकच राजकारणी आहे, आणि त्याला तुम्ही भांडी घासायला लावली."

ऑरिन आणि लिअँडर दोघेही उठले, मेजरांना कोट घालायला. दोघांनी एकेक बाही धरली, आणि मेजर मधल्या मध्ये अडकले. दारापर्यंत जाताना लिअँडर ड्रुसिलाच्या कानाशी लागला, "मदतनीस लागेल ना तुला? सरकारी शपथ घेतलेला?" ऑरिन दुसऱ्या बाजूनं म्हणाला, "मी थोरला आहे हे लक्षात ठेव." ती म्हणाली, "दोघांनी सोमवारी या. दुकानाच्या दारानं नाही, खिडकीपाशी. रांगेत."

मेजर गेल्यावर सगळे पांगले. अल्मायरा पोरांना घेऊन गेली, जाताना नणंदेला पहिल्यांदाच 'मिस स्प्रेग' म्हणाली. तोंड वाकडं करून म्हणाली, पण म्हणाली. टेबलावर कझायाबाई आणि ड्रुसिला दोघीच राहिल्या.

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं की कांदा लागला होता कोण जाणे. त्या नुसत्याच टेबलावरचे पावाचे तुकडे गोळा करत होत्या. लेकीला काही दिलं नाही हे त्यांना आजच कळलं असं नाही, पण लेकीनं ते मेजरांसमोर बोलून दाखवल्यावर ते पहिल्यांदा टोचलं होतं. माफी वगैरे मागणं त्यांच्या घराण्यात नव्हतं. म्हणून त्यांनी आपल्याला जमतं ते केलं, पुढचा डाव मांडायला घेतला.

"ड्रुसिला, ऐक. चार वर्षांनी क्लीव्हलंड परत आला म्हणजे? डेमोक्रॅट सगळे रिपब्लिकन पोस्टमास्तर झाडून काढतील. तुला मेजरनं नेमलं म्हणजे तू त्यांची झालीस. आपल्याला आतापासून काहीतरी बघायला हवं. लिअँडरला पुन्हा डेमोक्रॅट करावं का? घेतील का त्याला ते?"

"कशाला?"

"कशाला काय? पोस्ट घराबाहेर जाता कामा नये."

ड्रुसिलानं बश्या उचलल्या. एकावर एक रचल्या. तिच्या तोंडावर हसू होतं, पण कडू; ते आईला बघवेना.

"घाबरू नकोस आई," ती म्हणाली. "तेव्हा त्यांचा माणूस आला की त्यालाही जेवायला बोलाव. मी त्यालाही हेच सांगेन. चार वर्षांनी काय, चाळीस वर्षांनी येऊ दे, मी कुणालाच मत दिलेलं नसेल."